कानातून येणारा आवाज

कान ऐकतो हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. तो स्वतःही आवाज करतो, हे मात्र विज्ञानाला पटायला तीस वर्षं लागली. १९४८ साली केंब्रिजमधल्या थॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाला एक प्रश्न छळत होता. अंतर्कर्णातला कॉक्लिया हा शंखाकृती भाग द्रवानं भरलेला असतो. पाण्यात बुडवलेल्या तंबोऱ्याची तार छेडली तर ती झणकारणार नाही, जागच्या जागी निमेल. मग कॉक्लियातला द्रवात बुडालेला नाजूक पडदा इतके जवळजवळचे स्वर वेगळे कसे ओळखतो? युद्धकाळात ब्रिटिश नौदलासाठी रडारवर काम केलेल्या गोल्ड यांनी उत्तर दिलं ते रेडिओवाल्याचं: आत कुठेतरी स्वतःची ऊर्जा ओतून येणाऱ्या कंपनाला हात देणारी यंत्रणा असली पाहिजे. आणि ती असेल, तर कधी ना कधी कानातूनच आवाज बाहेर पडला पाहिजे.

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तेव्हा श्रवणशास्त्रात शब्द चालत होता तो गेओर्ग फॉन बेकेशी यांचा. त्यांनी कॉक्लियात धावणारी लहर प्रत्यक्ष पाहिली होती, आणि त्या कामासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. पण त्यांनी पाहिलेले कान मृतांचे होते, आणि मेलेला कान ऊर्जा ओतत नाही. १९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी जिवंत माणसाच्या कानात इवलासा मायक्रोफोन घट्ट बसवून एक ‘टिक’ सोडली, आणि काही मिलिसेकंदांनी आतून तिचा क्षीण प्रतिसाद परत आला. आज नवजात बाळाची जी ओएई चाचणी होते ती हीच. हातात मावणारं यंत्र, कानात मऊ बोंड, आणि बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी जिवंत असल्या की बाळाचा कान उत्तर देतो. बाळाला काही करावं लागत नाही, सांगावं लागत नाही. कुणीतरी तिथे ऐकायला हजर असावं लागतं, एवढंच.

गोल्ड यांचं पुढचं आयुष्य मात्र मुख्यतः आकाशात गेलं. त्याच १९४८ साली हर्मन बाँडी आणि फ्रेड हॉइल यांच्यासह त्यांचं नाव विश्वाच्या स्थिर-स्थिती सिद्धान्ताशी जोडलं गेलं. वीस वर्षांनी, आकाशातून ठरावीक ठेक्यात येणारे रेडिओ-स्पंद हे गरगर फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे आहेत असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरं निघालं. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. ही आयुका आज गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ज्या लायगो-इंडिया प्रकल्पात भागीदार आहे, त्याची जागा हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे. विसोबा खेचरांनी नामदेवांना जिथे देव सर्वत्र आहे हे शिकवलं असं परंपरा सांगते, त्या ज्योतिर्लिंगाच्या परिसरातच न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीकडे कान लावून बसणारं यंत्र उभं राहायचं आहे. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटरच्या. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली.

अशा गुरुत्वीय लहरीची पहिली नोंद सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत झाली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १.३ अब्ज प्रकाशवर्षांवर. खूण टिकली सेकंदाचा पाचवा हिस्सा, आणि तिची वारंवारता चढत गेली ती ३५ ते २५० हर्ट्झ या पट्ट्यात. ही ध्वनिलहर नव्हे. पण हा पट्टा आपल्या कानाचाच आहे. या यंत्रांना जे हलणं मोजावं लागतं ते प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान. आणि अगदी बारीक आवाजाला आपल्या कानाचा पडदा हलतो तो अणूच्या व्यासाहूनही कमी. लायगोचा खर्च आणि जिल्हा रुग्णालयातली तुटपुंजी सोय यांची तुलना करण्याचा मोह सोपा आहे. मला ती तुलना नको वाटते, कारण दोन्हीकडे माणसाला एकच विद्या शिकावी लागते: गोंगाटातून खूण वेगळी काढायची, आणि खूण सापडली असं वाटताच आधी स्वतःवर संशय घ्यायचा. मला बोलायचं आहे ते या विद्येच्या दुसऱ्या शाखेबद्दल, जिचे विद्यार्थी हिंगोलीला फार क्वचित दिसतात.

श्रवणतज्ज्ञ होण्याचा रस्ता आपल्याकडे बारावी विज्ञानानंतर सुरू होतो. बीएएसएलपी ही चार वर्षांची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पुढे ऑडिओलॉजीतली दोन वर्षांची एम.एस्सी.; आणि काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. अमेरिकेत यासाठी आता डॉक्टरेटच लागते. आपल्याकडे म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ची, मुंबईच्या नायर रुग्णालयातलं शिक्षणही त्याच दशकातलं, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. ज्यांच्या नावानं ती संस्था आहे ते अली यावर जंग हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. हिंगोली १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबादच्याच निजामी राज्यात होती. मराठवाड्यातून लेकरू घेऊन वांद्र्याला जाणाऱ्या आईबापांना दारावरचं ते नाव आपल्याच जुन्या मुलखातलं आहे हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं, असं मला उगाच वाटतं.

या शिक्षणात आधी येतं ध्वनीचं भौतिकशास्त्र, मग कानाची रचना, भाषाशास्त्र, मानसशास्त्र. पण त्याचं मर्म ज्या एका कामात उतरतं ते बाहेरून अगदी किरकोळ दिसतं. आवाज शोषणाऱ्या भिंतींच्या खोलीत कुणी आजी बसलेली असते, कानांवर हेडफोन. काचेच्या पलीकडे विद्यार्थिनी. “मावशी, आवाज कितीही बारीक आला तरी बोट वर करायचं. आला असं नुसतं वाटलं तरी करायचं.” बऱ्या कानापासून सुरुवात, १,००० हर्ट्झचा सूर. ऐकू आला की दहा डेसिबल खाली, नाही आला की पाच वर. असं उतरत-चढत ज्या पातळीवर निदान निम्म्या वेळा बोट वर होतं, ती त्या स्वराची थ्रेशोल्ड. ती तक्त्यावर मांडायची: उजवा कान तांबडं वर्तुळ, डावा कान निळी फुली. हे यंत्रालाही शिकवता येतं, आणि शिकवलेलं आहे. विद्यार्थिनीला शिकायचं असतं ते वेगळं. सूर सोडताना हात दिसू द्यायचा नाही, चेहरा बदलू द्यायचा नाही. दोन सुरांमध्ये सारखं अंतर ठेवायचं नाही, कारण माणूस लय पकडतो आणि न ऐकताच बोट वर करतो. आजी नुसतं मन राखायला बोट वर करतेय का? पेन्शनच्या कागदासाठी आलेला गृहस्थ ऐकू येऊनही गप्प बसलाय का? एका कानाचा आवाज कवटीतून पलीकडे जातो, तेव्हा उत्तर नेमकं कोणत्या कानानं दिलं? आणि हे सगळे संशय मनात ठेवून समोरच्या माणसाला मात्र एका शब्दानं कळू द्यायचं नाही की आपल्यावर संशय घेतला जातोय. दुसऱ्याचं सांगणं खरं मानून ते तपासत राहायचं, हे वर्ष-दोन वर्षांत अंगी बाणणारं नाही.

त्या तक्त्यावरचं शून्यही जपून वाचायचं असतं. तिथे शून्य डेसिबल म्हणजे आवाजाचा अभाव नाही. निरोगी तरुण कानांना जेमतेम ऐकू येतो तेवढा आवाज म्हणजे शून्य, आणि प्रत्येक स्वराला त्याची भौतिक तीव्रता वेगळी. हे शून्य निसर्गानं दिलेलं नाही, माणसांची सरासरी काढून ठरवलेलं आहे. एखाद्या निरोगी तरुणाची थ्रेशोल्ड त्या शून्याच्याही खाली, उणे पाचावर, सहज जाऊ शकते.

माणसाच्या कानालाच माप मानायची ही रीत मराठवाड्याला नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा माणूस दरबारात हिशेबाच्या हुद्द्यावर होता आणि वैद्यकही जाणत होता. म्हणूनच संगीताच्या त्या ग्रंथात गर्भाची वाढ आणि देहाची रचनाही तपशिलानं येते. बावीस श्रुती सिद्ध करण्यासाठी तो दोन वीणा घ्यायला सांगतो, प्रत्येकीला बावीस तारा. पहिली तार जमेल तितकी खाली लावायची; दुसरी तिच्याहून किंचित वर, पण इतकीच वर की दोघींच्या मध्ये तिसरा ध्वनी शिरायला जागा राहू नये. पुढच्या सगळ्या तारा अशाच. दोन स्वरांतला भेद ओळखण्याची कानाची जी शेवटची ताकद, तिलाच त्यानं मोजपट्टी केलं. आजच्या ऑडिओलॉजीच्या पाठ्यक्रमात ‘ओळखता येणारा किमान फरक’ शिकवतात, तेव्हा उदाहरणं जर्मन प्रयोगशाळांची येतात. त्यांना हरकत नाही. पण महाराष्ट्रातल्या वर्गात देवगिरीच्या या प्रयोगाला एक तास मिळायला हवा, आणि अभिमानासाठी नव्हे, तर वैद्य, गणक आणि गवई एका माणसात राहू शकतात हे मुलांना दिसावं म्हणून.

बोलू न शकणाऱ्या बाळाकडून बोट कसं वर करून घेणार? त्यासाठी बेरा. डोक्याला तीन-चार ठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवायचे, कानात ‘टिक-टिक’ सोडायची, आणि मेंदूच्या बुंध्यापर्यंत ती पोचली का ते पाहायचं. पोचल्याची खूण एक मायक्रोव्होल्टपेक्षाही लहान. मेंदूची आणि स्नायूंची एरवीची खळबळ तिच्या कितीतरी पट मोठी. एका टिकेनं काहीच दिसत नाही. हजार-दोन हजार टिका देऊन सरासरी काढली की खळबळ एकमेकींना खोडत जाते आणि खूण जागची हलत नाही, म्हणून वर येते. दहा मिलिसेकंदांच्या आत पाच-सात लाटा. त्यातली पाचवी कुठवर टिकते ते पाहत आवाज कमी करत जायचं. लायगोची गणितं निराळी आहेत, पण पडद्यासमोर बसून ‘ही लाट की नुसता थरथराट’ असा विचार करणाऱ्याची घालमेल तीच.

फक्त इथे बाळ झोपलेलं लागतं. हिंगोलीकडून निघालेली आई रात्रभर गाडीत लेकराला मांडीवर घेऊन बसते. तिला फोनवर बजावलेलं असतं, ‘जागं ठेवा, इथे येऊन झोपू द्या.’ गाडीच्या हेलकाव्यांनी लेकरू तिथेच झोपतं, आणि सकाळी संस्थेत पोचल्यावर टक्क जागं होतं. मग दूध, मग थोपटणं, मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार झोपेचं औषध; मग बाहेर कुणाचा तरी डबा पडतो आणि लेकरू उठतं. उठलं म्हणून बापाचा चेहरा उजळतो: “ऐकलं बघा त्यानं!” काही वेळा ते खरंच ऐकून उठलेलं असतं, काही वेळा जमिनीच्या हादऱ्यानं, काही वेळा आईच दचकली म्हणून. त्या बापाला काय सांगायचं आणि कसं, हे कोणत्याही सत्राच्या परीक्षेत विचारलं जात नाही. इंटर्नशिपच्या वर्षात ते एखाद्या ज्येष्ठाच्या मागे उभं राहून शिकायचं असतं.

या सगळ्याला घाई आहे. ख्रिस्तीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली कोलोरॅडोतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला: ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलं आणि लगेच मदत मिळाली, त्यांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. त्यावरून जगभर सूत्र झालं ते एक-तीन-सहा: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय. हे सूत्र आपल्या घरांच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिलं पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी. पहिल्या दिवशी कानात गर्भावरचा चिकटा असतो, त्यामुळे चांगला कानही कधीकधी उत्तर देत नाही. चाचणी दुसऱ्या दिवशी घेतलेली बरी, आणि साध्या बाळंतिणीला घरी सोडतात तेही साधारण तेव्हाच. बाराव्या दिवशी बारसं. आत्या बाळाच्या कानाशी वाकून नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. सव्वा महिन्यानं लेक सासरी निघते, बहुधा दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. ज्या आशाताईनं पहिल्या भेटी दिल्या तिच्या वहीतून बाळ निघून जातं. ‘पुन्हा तपासा’ असा शेरा मिळालेलं मूल हरवतं ते या वाटेवर. त्यात कुणाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. पुढे दोन वर्षांचं लेकरू बोलंना, तर आजी धीर देते, “याचा बापही उशिराच बोलला होता.” त्या धीरामागे माया आहे. पण मेंदूला भाषा पेरायचा हंगाम त्या मायेसाठी थांबत नाही.

इथे मी भाषा म्हटलं, आवाज म्हटलं नाही, आणि ते जाणूनबुजून. कुटुंबानं भारतीय सांकेतिक भाषा लवकर आत्मसात केली तर ठार बहिरं मूलही कोणत्याही मुलाइतकं बोलकं, चौकस होतं. श्रवणतज्ज्ञानं पालकांना यंत्राइतकंच हेही मोकळेपणानं सांगायला हवं. यंत्राचा मार्ग घ्यायचा तर त्याला खर्च आहे आणि चिकाटी आहे. पाच वर्षांपर्यंतच्या निवडक मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट मिळतं. पण शस्त्रक्रिया झाल्यावर महिनोन् महिने चालणारी थेरपी कुठे घ्यायची, हा प्रश्न सेनगाव-कळमनुरीच्या घरात तसाच उरतो.

मराठी ऐकण्याचे पेच तर स्वतंत्र आहेत. उतारवयात किंवा आयुष्यभर गोंगाटात काम केलेल्या माणसाचं ऐकणं आधी वरच्या पट्टीत जातं. स्वर ऐकू येतात, ‘स’, ‘श’, ‘फ’ विरतात. मराठीत ‘तो आला’ आणि ‘तू आलास’ यांतला शेवटचा भेद त्या ‘स’वर टेकलेला आहे. आजोबांना नातवानं विचारलं, “कधी आलास, कधी गेलास?” तर त्यांना वाटतं कुणा तिसऱ्याबद्दल बोलणं चाललंय, आणि ते उत्तरच देत नाहीत. घरचे म्हणतात, ‘हवं तेवढंच ऐकू येतं त्यांना.’ असा आळ घरोघर घेतला जातो, आणि नुसत्या सुरांचा तक्ता तो पुसू शकत नाही. त्यासाठी शब्दांची चाचणी लागते, ऐकणाऱ्याच्या रोजच्या बोलीतली. हिंगोलीच्या एकाच बाजारात मराठवाडी मराठी, वऱ्हाडी वळणाची मराठी, दख्खनी उर्दू आणि लमाणी कानावर पडते. पुण्या-मुंबईच्या पुस्तकी शब्दांनी इथल्या बाईची तपासणी केली, तर तिला शब्द ऐकू आला नाही की तो तिच्या ओळखीचाच नव्हता, हे कसं ठरवणार?

आणि मग आकड्यांवर हक्क अवलंबून असतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची ७० डेसिबल हानी असेल तर बहिरा, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारा. जागतिक आरोग्य संघटना मात्र ३५ डेसिबलच्या पुढे मदतीची गरज मानते. मधल्या या पंचवीस डेसिबलांत कितीतरी माणसं अडकलेली आहेत: ग्रामसभेत मागे बसणारी, फळ्याकडे पाठ करून बोलणाऱ्या गुरुजींचं निम्मंच ऐकणारी. त्यांच्यासाठी प्रमाणपत्र नाही, पण तज्ज्ञ असू शकतो. तक्त्यावरचा आकडा जिथे संपतो तिथून पुढे काम करणं हेही याच शिक्षणाचं अंग आहे. वर्गात कुठे बसवायचं, यंत्र आयुष्यभर कसं जपायचं, सेल संपल्यावर कुणाला विचारायचं, तेलाचे थेंब का सोडायचे नाहीत, वाहता कान आधी कोरडा का करायचा, वरातीतल्या डीजेपासून तान्ह्याला किती लांब ठेवायचं, या गोष्टी शिकवायला ध्वनिरोधक खोली लागत नाही.

जिल्हा म्हणून हिंगोली तरुण आहे. परभणीतून वेगळी झाली ती १ मे १९९९ला. २०२४ साली इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. २०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण तपासायच्या आजारांच्या यादीत आहे, आणि जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात श्रवणतज्ज्ञाची जागाही धरलेली आहे. म्हणजे चौकट आहे. अडतं ते शिक्षणाच्या भूगोलापाशी: ही विद्या समुद्राकाठच्या किंवा मोठ्या शहरातल्या शांत खोल्यांत शिकवली जाते, आणि विद्यार्थ्याला रुग्ण भेटतो तो घर सोडून आलेला, थकलेला, तारीख घेतलेला. बाळ जिथे जन्मतं, तिथे त्याचा कान ऐकायला विद्यार्थी नसतो.

मला वाटतं, इंटर्नशिपच्या वर्षातले काही महिने अशा जिल्ह्यात सक्तीचे करावेत. सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डात ओएई, दुपारी केंद्रात ‘पुन्हा तपासा’ शेरा मिळालेली बाळं, आणि आठवड्यातला एक दिवस अंगणवाड्यांसाठी. सासरी निघालेल्या लेकीच्या हातात बाळाचा निकाल आणि पुढच्या आशाताईचा नंबर द्यायचा, हे त्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत मोजलं जावं. आणि एम.एस्सी.च्या प्रबंधाला विषय हवा असेल, तर तो इथेच पडून आहे. नर्सीला, वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात, कळमनुरीकडच्या आंध आणि लमाण वस्त्यांवर जाऊन पाच वर्षांच्या लेकराला आणि सत्तरीच्या आजीला दोघांनाही ठाऊक असलेले शब्द गोळा करावेत, ते इथल्याच एखाद्या बाईच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावेत, बऱ्या कानांवर तपासून पाहावेत, आणि ती यादी जिल्हा रुग्णालयाच्या ऑडिओमीटरशेजारी लावून द्यावी.